छोटा पॉवर स्क्रू ड्रायव्हर आणि घरची सायकल दुरुस्ती: मोटारीनं कुठवर, हातानं कुठून?

समा_रोड:

नमस्कार मंडळी,

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, ते इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, काहींनी सोसलंय. आमची बिल्डिंग समा भागातली. माणसं वरच्या मजल्यांवर सुखरूप होती, पण खाली पार्किंगमध्ये नऊ सायकली दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर मडगार्डच्या आत, चेनकव्हरमध्ये, अगदी बेलच्या वाटीतसुद्धा गाळ भरलेला.

बिल्डिंगमधली सायकलवाली काकू म्हणजे मी. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी आम्हा तिघी बहिणींना अक्षर ओळखीबरोबरच पाना धरायला शिकवलं. त्यामुळे शाळेतली मुलं आपापली सायकल ढकलत माझ्या दारात आली, यात नवल नव्हतं. अडचण वेगळी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये माझं उजवं मनगट मोडलं होतं, आत प्लेट आहे. फिजिओथेरपीच्या ताईंनी पोळ्या लाटायला, बादली उचलायला हळूहळू परवानगी दिली, पण मनगट पिळायची हालचाल पुन्हा पुन्हा करू नका म्हणून बजावलं. आणि सायकल खोलायची म्हणजे दिवसभर तेच करायचं.

भाच्याने एक छोटा पॉवर स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. हातातल्या टॉर्चएवढा. ३.६ व्होल्टची बॅटरी, मिनिटाला दोनशे फेरे, जोर ५ न्यूटन मीटर. पहिल्याच दिवशी मी तो मडगार्डच्या गंजलेल्या बोल्टला लावला. गुर्र करून जागच्या जागी थांबला. दुसऱ्या बोल्टला तेच. कपाटावर ठेवून दिला आणि डाव्या हाताने पाना घेऊन बसले.

दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. गंजलेला बोल्ट फक्त सुरुवातीच्या पाव-अर्ध्या फेऱ्यापुरता हट्टी असतो. तो एकदा सुटला की पुढे नुसतं अंतर कापायचं असतं. मडगार्डच्या तारेचा बोल्ट ५ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात ०.८ मिलिमीटर सरकणारा. १६ मिलिमीटर लांब असला तर पूर्ण बाहेर यायला वीस फेरे. मनगट एका वेळी अर्धा फेरा देतं, म्हणजे चाळीस पिळे. दोन मडगार्ड, कॅरियर, स्टँड, चेनकव्हर, बास्केट मिळून एका सायकलीला असे पंचवीसेक बोल्ट सहज निघतात. हजार पिळे झाले, आणि काढले तेवढे परत बसवायचेच. दर बोल्टचे ते वीस फेरे ड्रायव्हर सहा सेकंदांत देतो.

मग पद्धत बसली. रॉकेल आणि तेल सोडून बोल्ट रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी पान्याने पहिला हिसका द्यायचा, पुढचं ड्रायव्हरने. गणपती बसायच्या आत सहा सायकली रस्त्यावर आल्या. नऊतली शेवटची वडिलांची जुनी अठ्ठावीस इंची, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची. ती अजून उघडलेली पडली आहे. तिच्याबद्दल पुढे विचारीनच.

तुमच्यापैकी कोण वापरतं हे यंत्र? कुठे चालतं, कुठे अजिबात लावू नये, कुठले बिट (पुढे बसवायची टोकं) घ्यावेत? अनुभव लिहा.

रिंगपाना:

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. (बाहेरगावच्यांसाठी: १८९० साली सयाजीरावांनी काढलेली ही संस्था पुढे युनिव्हर्सिटीत गेली, पण बडोद्याच्या तोंडी अजून कलाभवनच.) तिथे दरवर्षी पोरं येत आणि दरवर्षी तीच चूक करत: वाकडा बोल्ट जोराने फिरवत. हाताने फिरवला तर बोट सांगतं की अडकतोय. मोटार सांगत नाही, ती आटे कापत आत जाते.

म्हणून पहिले तीन आटे बोटांनी. ड्रायव्हरमधून बिट काढा, तो बिट दोन बोटांत धरा आणि बोल्ट आधी उलटा फिरवा. आटा आट्यावरून उतरताना हलकासा टक् असा ठोका लागतो. तो लागला की सुलटा फिरवा, लोण्यात गेल्यासारखा जाईल. तसा गेला तरच बिट परत मोटारीत.

आता ५ न्यूटन मीटर म्हणजे किती, हे डोळ्यापुढे आणा. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची पिशवी टांगली तर जेवढा पीळ पडेल तेवढा. बाटलीच्या स्टँडला हा जास्तच होतो, तिथे दोन-तीन पुरतात. मडगार्डला ठीक. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टवर बहुतेक ५ किंवा ६ छापलेलंच असतं, म्हणजे काठावर. पेडलला लागतात पस्तीस-चाळीस, चौकोनी एक्सलवरच्या क्रँकलाही (पेडल ज्याला लागतं तो दांडा) तेवढेच किंवा थोडे जास्त, मागच्या कॅसेटच्या (गियरच्या चकत्यांच्या संचाच्या) लॉकरिंगला, म्हणजे ती धरणाऱ्या रिंगला, चाळीस. तिथे हे यंत्र घट्ट तर करू शकणार नाहीच, पण माणसाला वाटतं की थांबलं म्हणजे घट्ट झालं. हा गैरसमज सगळ्यात वाईट. ढिला क्रँक चालवला की चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँक फेकून द्यावा लागतो.

शाळेची_सायकल:

मी ग्वाल्हेरहून. मुलाची सायकल खोक्यातून आली आहे, अर्धवट जोडलेली. पुढचं चाक, हँडल, पेडल, मडगार्ड, सीट मला लावायचं आहे. घरात फक्त एक प्लसचा स्क्रू ड्रायव्हर आणि नळाचा पाना आहे. खोक्यात एक पत्र्याचा पाना आणि एल आकाराची चावी मिळाली. असा ड्रायव्हर घेतला तर एवढ्या कामाला पुरेल का? पेडलही त्यानेच लावू का?

रिंगपाना:

पेडल अजिबात नको. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या दांडीवर बारीक अक्षरात एल आणि आर कोरलेलं असतं, ते आधी शोधा. एल डाव्या बाजूला, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून घट्ट होतो. ड्रायव्हरची दिशा चुकीची ठेवून बटण दाबलं तर क्रँकचे आटे पहिल्याच दिवशी जातील. पेडलच्या आट्यांना बोटभर ग्रीस लावा, बोटांनी चार फेरे द्या आणि मग पंधराच्या पान्याने आवळा.

मडगार्ड, बास्केट, रिफ्लेक्टर, साइड व्हील, चेनकव्हर यांना ड्रायव्हर खुशाल लावा. चाकाचे नट पान्याने. सीट आणि हँडल एल चावीने. सगळं झाल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा. नुसतं हँडल फिरलं आणि चाक जागेवर राहिलं तर अजून आवळायचं आहे. मुलाला चढवायच्या आधी हे नक्की करा.

माळव्यातून:

इंदूरहून रामराम. आमच्याकडे याला पेचकस म्हणतात. बडोद्याला मावशीकडे गेलो तेव्हा हार्डवेअरवाल्याने 'डिसमिस जोईए?' विचारलं, मला काही उमगेना. मग कळलं की गुजरातीत स्क्रू ड्रायव्हर म्हणजे डिसमिस.

माझा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ॲल्युमिनियमची गियरची सायकल, त्यावर बाटलीचा स्टँड बदलायचा होता. दोनच बोल्ट. सरळ ड्रायव्हर लावला, बटण दाबलं. बोल्ट तळाला टेकला तरी माझं बोट बटणावरच. आतून कर्र असा आवाज आला. त्यानंतर बोल्ट ना पुढे जाई ना मागे, नुसता फिरत राही. सायकलच्या नळीला आतून आटे नसतात, तिथे एक पोकळ रिव्हेट नट दाबून बसवलेला असतो. तो नळीतच सैल झाला होता. बाहेर काढायला बोल्टच्या डोक्याखाली पातळ पाना सरकवून रिव्हेट नटाची कड धरावी लागली, आणि मग नवीन रिव्हेट नट. दोन बोल्टच्या कामाला दोन रविवार गेले.

तेव्हापासून मी ड्रायव्हर सगळ्यात खालच्या क्लचवर (ठरलेल्या जोराला पीळ थांबवणारी सोय) ठेवतो. ज्याला क्लचची अंगठी आहे तोच घ्यावा, असं माझं ठाम मत. अंगठीवरचे आकडे न्यूटन मीटर नसतात, नुसत्या पायऱ्या असतात. पण एक-दोनवर ठेवला तर बोल्ट टेकताक्षणी टर्रर करून सुटतो, आणि उरलेलं आपण हाताने करतो.

समा_रोड:

माझ्या ड्रायव्हरला क्लच नाही. पण एक गोष्ट आपोआप सापडली. मोटार बंद असली की पुढचा दांडा आतून लॉक होतो, मग पूर्ण ड्रायव्हर साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखा हाताने फिरवता येतो. त्यामुळे मी बटण बोल्ट टेकायच्या थोडं आधीच सोडते आणि शेवटचा पाव फेरा मुठीने देते. तेवढा पीळ माझं मनगट देऊ शकतं, कारण तो एकदाच द्यायचा असतो. चाळीस वेळा नाही.

रिंगपाना:

हेच ते! ताई, तुम्ही एका ओळीत सगळं सांगितलंत. फक्त पुस्तिकेत दांडा लॉक होतो असं लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या. सगळ्यांत ती सोय नसते. नसेल तर हाताचा पीळ थेट आतल्या गियरवर जातो आणि दात तुटतात.

पावागड_रविवार:

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मी दर रविवारी पावागडच्या रस्त्याला असतो, एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. उतारावर ब्रेक माझा जीव धरून ठेवतो. म्हणून माझ्या सायकलवर मी मोटारीचं कुठलंही हत्यार येऊ देत नाही. हाताला जी जाणीव असते, बोल्ट ताणला जातोय, वायसर बसतोय, आटा कोरडा आहे, ती मोटारीमागे हरवते. आणि हल्लीच्या सायकलला बोल्ट असतात तरी किती? स्टेमला सहा, डिस्क ब्रेकच्या रोटरला (चाकावरच्या चकतीला) बारा, कॅलिपरला (ती चकती दाबणाऱ्या भागाला) चार. पंधरा मिनिटांचं काम. त्यात वाचवून वाचवून किती वेळ वाचणार?

समा_रोड:

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. तुमच्या सायकलला मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर नाही, म्हणून पंधरा मिनिटं. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सायकलला हे सगळं असतं, आणि पुरात बुडालेल्या सायकलचं सगळंच काढावं लागतं. आणि माझ्यासाठी प्रश्न वेळेचा नव्हताच हो. हे यंत्र नसतं तर मी त्या नऊ सायकली उघडल्याच नसत्या.

पावागड_रविवार:

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही, ताई. मनगटाचं तुम्ही वर लिहिलं होतं, मी घाईत पुढे गेलो. क्षमस्व.

मग माझ्याकडची माहिती देतो. रोटरचे बोल्ट बहुतेक सहा पाकळ्यांच्या टी-२५ बिटचे असतात. कंपनीप्रमाणे त्यांना २ ते ६ न्यूटन मीटरच्या दरम्यान आवळायला सांगतात, म्हणून आपल्या रोटरचा आकडा बघूनच. आट्यांवर निळा लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावलेला असतो, त्यामुळे सुटताना थोडे कडक सुटतात. टी-२५ च्या जागी चुकून एलन (षटकोनी) बिट घुसवला तर पाकळ्या घासून जातात आणि मग बोल्ट ड्रिल करून काढण्याची वेळ येते. बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं. शेवट टॉर्क पान्याने (किती पीळ पडला ते दाखवणारा पाना), इथे मी अजिबात हटणार नाही. स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्टही तसेच. वर आणि खाली फट सारखी दिसली पाहिजे.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. गियरच्या डिरेलरवरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरचे) प्लसचे स्क्रू बहुतेक जपानी मापाचे असतात. आपल्या पेटीतला प्लसचा बिट फिलिप्सचा, १९३० च्या दशकात अमेरिकेत हेन्री फिलिप्सने रुजवलेला. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण जोर वाढला की फिलिप्सचा बिट खाचेतून वर चढतो आणि कडा खातो. जपानी मापाचा बिट खोल, चपखल बसतो. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असेल तर तो जपानी समजावा, पण ठिपका नसला म्हणजे नाहीच असं नाही. हाताने करताना माणूस आपोआप दाबून धरतो. मोटारीने खाच दोन सेकंदांत गोल होते.

आणि त्यातले एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू मोटारीने कधीच फिरवू नका. ते चेन कुठवर जाईल याची सीमा ठरवतात. पाव फेऱ्याने फरक पडतो. एल जास्त सैल झाला तर चेन सगळ्यात मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये जाते.

शाळेची_सायकल:

तुमच्या सगळ्यांच्या जिवावर काल सायकल जोडली. ड्रायव्हर शेजारच्यांकडून आणला. डाव्या पेडलवर एल सापडला! गुडघ्यांत चाक धरून बघितलं तर हँडल खरंच फिरत होतं, परत आवळलं. मुलगा खाली चकरा मारतोय. एक विचारायचं होतं. बिटला चुंबक असतं त्याने काही बिघडतं का? स्क्रू छान चिकटून राहतात म्हणून मला तर आवडलं.

माळव्यातून:

अभिनंदन!

चुंबक चांगलंच, फक्त हब किंवा पुढचा कप (छर्ऱ्यांची वाटी) उघडला असेल तेव्हा तो बिट लांब ठेवा. बिटला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो. तो ग्रीसमध्ये पडला की छर्ऱ्यांबरोबर फिरत राहतो आणि कोनला (छर्रे ज्यावर फिरतात त्या भागाला) खड्डे पाडतो. मी बिट आधी फडक्याने पुसतो, मगच.

बिट घेताना लांब घ्या. पंचवीस मिलिमीटरचे आखूड बिट सायकलला कामाचे नाहीत, ड्रायव्हरचं तोंड फ्रेमला घासतं. पन्नासचे बरे. एलनमध्ये ४, ५ आणि ६, टी-२५, दोन नंबरचा प्लस, आणि नटांसाठी ८ आणि १० चे सॉकेट. पेटीत शंभर बिट असलेले संच मिळतात, त्यातले नव्वद तसेच राहतात आणि दहा वेळ आली की वाकतात. सुटे घेतलेले सात बिट चार वर्षं वापरतोय.

निपलचावी:

धागा आत्ता दिसला. सायकलमध्ये या ड्रायव्हरची खरी जागा चाकात आहे आणि त्यावर अजून कुणीच लिहिलं नाही!

ताई, तुमच्या वडिलांच्या अठ्ठावीस इंचीला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस स्पोक असतील, मोजून बघा. जुन्या दांड्याच्या ब्रेकच्या सायकलींचा तोच हिशेब. पुराच्या पाण्यानंतर स्पोक बाहेरून पुसले तरी निपलच्या (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) आत गंज धरतो. मग एके दिवशी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायला चावी लावावी तर निपल हलत नाही आणि स्पोक तुटतो. माझा सल्ला, स्पोक आणि निपल नवीन घ्या आणि चाक पुन्हा विणा. रिम आणि हब चांगले असले तर तेच वापरा.

आता ड्रायव्हरचं काम. निपलच्या डोक्याला, टायरच्या बाजूला, खाच असते. स्पोकच्या आट्यांना एका मिलिमीटरला दोनहून जास्त फेरे लागतात, म्हणजे एक निपल पूर्ण चढवायला वीस-बावीस फेरे. चाळीस निपलचे आठशेहून जास्त. चावीने पाव-पाव फेरा करत बसलो तर दुपार जाते. ड्रायव्हरने अर्धा तास.

पण साधा सपाट बिट लावू नका. सपाट बिटने प्रत्येक निपल वेगवेगळा चढतो, कारण कुठे थांबायचं ते मोटारीला कळत नाही. त्यासाठी निपलचा बिट वेगळा असतो, त्याच्या पात्याच्या मध्यातून एक बारीक सुळका पुढे आलेला असतो. सुळका निपलच्या भोकात शिरतो, पातं खाचेत बसतं. निपल चढत जातो तसं आतून स्पोकचं टोक वर येतं आणि सुळक्याला बाहेर ढकलतं. ठरलेल्या खोलीवर पातं खाचेतून आपोआप सुटतं. चाळीसच्या चाळीस निपल एकाच खोलीला थांबतात. चाक पहिल्यापासूनच जवळजवळ गोल येतं. किती सुंदर युक्ती आहे बघा, कुठलीही इलेक्ट्रॉनिक्स नाही, स्पोकच सांगतो की बस.

विकत मिळाला नाही तर जुना सपाट बिट ग्राइंडरवर दोन्ही खांद्यांना घासायचा, मध्ये अडीच-तीन मिलिमीटरचा सुळका ठेवायचा. घासताना पाण्यात बुडवत राहा, निळा पडला तर मऊ झाला. सुळका जितका लांब तितका निपल लवकर सुटतो. तो एका स्पोकवर लावून बघा, लांब वाटला तर थोडा घासा.

दिशेचा घोळ होतो तोही सांगतो. टायरच्या बाजूने बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की निपल घट्ट. चावीने काम करताना आपण हबच्या बाजूने बघत असतो म्हणून तीच दिशा उलटी दिसते. पहिल्या निपलला खूण करून खात्री करून घ्या.

सुळका सुटला की ड्रायव्हर पेटीत. पुढचं आऊट काढणं, ताण देणं सगळं चावीने, आणि शेवटी शेवटी पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही.

रिंगपाना:

निपलचावी, मला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढली आणि हा बिट कधी घासला नाही. उद्याच घासतो. ताई, दोन घासतो, एक तुमच्यासाठी.

पावागड_रविवार:

बॅटरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. यांच्या आत लिथियमचा एकच सेल असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ड्रायव्हर गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. उन्हातून आणला असेल तर आधी थंड होऊ द्या, मग चार्ज करा. महिनोन्महिने वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका, अर्धा भरलेला बरा. आणि पुरात भिजलेला ड्रायव्हर असेल तर तो चार्जरला लावूच नका. बाहेरून वाळला तरी आतल्या सेलचा भरवसा नाही.

समा_रोड:

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मोजले. पुढे बत्तीस, मागे चाळीस. रिंगपानाकाकांनी घासलेला बिट घेऊन स्वतः घरी आले, आमच्या गॅलरीत दोघं बसलो. पहिल्या चार निपलना सुळका फार लांब पडला, लवकर सुटत होता. काकांनी तिथेच कानसीने थोडा कमी केला. त्यानंतर एकामागून एक, टक्, टक्, टक्. पातं खाचेतून सुटतं तो आवाज ऐकत राहावा असा. मागचं चाक मी डाव्या हाताने विणलं, फक्त आऊट काढताना उजवा हात घेतला, आणि मनगट अजिबात दुखलं नाही. आऊट एका बाजूला दोन मिलिमीटरच्या आत आलं. जुन्या जाड लोखंडी रिमला एवढं पुरे, काका म्हणाले.

रिमच्या आतल्या बाजूला वडिलांच्या हातच्या खुणा निघाल्या, पाच-सहा ठिकाणी पांढऱ्या ऑइल पेंटचे बारीक ठिपके. त्यांनी कधी तरी आऊट काढताना लावलेले असणार. ते पुसले नाहीत. रिम टेप त्यावरूनच लावली.

बाकी मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर सगळं जागेवर आलं. वडिलांच्या वेळचे दोन बोल्ट सोडून सगळे नवे, ग्रीस लावून. कॉटर (क्रँक एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पाचरी) हातोडीने काढले, खाली लाकडी ठोकळा धरून.

एकच अडलंय. दोन्ही क्रँक ज्यावर बसतात त्या एक्सलचा उजवा कप. डावा निघाला, छर्रे गंजून एकमेकांना चिकटले होते. उजवा हलत नाही. कड पातळ आहे, माझ्याकडचा पाना निसटतो आणि मला ती कड खराब करायची नाही. बडोद्यात कुणाकडे रुंद तोंडाचा पातळ पाना आहे का?

रिंगपाना:

आहे माझ्याकडे. शनिवारी सकाळी येतो. तोवर त्या कपात आतून बाहेरून तेल सोडत राहा, रोज दोन वेळा. आणि ताई, पान्याने किंवा ड्रायव्हरने तो सोडवायचा प्रयत्न करू नका. उजव्या कपाचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा सोडवायला गेलात तर तो आणखी आवळला जाईल.

समा_रोड:

बरं झालं सांगितलंत, मी परवाच दोनदा सुलटा जोर लावून बघितला होता. तेल सोडायला घेतलंय. शनिवारी पोहे खाऊनच कामाला बसू.